बशीतला चुना

त्र्यंबक सरांच्या अभ्यासिकेत जांभईला शिक्षा होती. ज्याला जांभई येईल त्याने आपल्या जागी उभं राहायचं आणि झोप उडेपर्यंत उभ्यानेच गणित सोडवायचं. नियम साधा होता, पण अलीकडे त्याची पंचाईत होऊ लागली होती. साडेचारला वर्ग भरायचा तेव्हा सगळे बसलेले असत. साडेपाचपर्यंत पाच-सात जण उभे राहत. सहा वाजेपर्यंत निम्मा वर्ग उभा, आणि सर स्वतः फळ्याकडे वळून तोंडावर हात धरत, तो जांभई लपवण्यासाठीच.

"रात्री मोबाइल बघत बसता, दुसरं काय!" ते म्हणत. मुलं माना खाली घालत, कारण ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ही अभ्यासिका खोपटला, एसटी आगारासमोरच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर सरांना घरी बसवेना, म्हणून एका ट्रस्टकडून त्यांनी ही लांबट खोली मागून घेतली होती. आठवीच्या शिष्यवृत्तीला बसणारी छत्तीस मुलं तिथे रोज येत. फी नाही, फक्त वेळेवर यायचं. मुलांना एखादी गोष्ट समजली की त्यांच्या डोळ्यांत जो एक दिवा लागतो, तो बघायला सर कितीही वेळ एकच गणित पुन्हा पुन्हा सांगत.

आगाराच्या बाजूला तीन खिडक्या होत्या. पूर्वी त्या उघड्या असत तेव्हा बसचे हॉर्न, ड्रायव्हरांच्या हाका आणि काळा धूर असं सगळं एकदम आत यायचं. दोन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने दोन एसी दिले आणि ती कटकट मिटली. सरांनी स्वतः स्टुलावर चढून तिन्ही खिडक्यांना थर्मोकोल लावलं, फटींवर चिकटपट्टी मारली. मागच्या गॅलरीचं दार आपोआप बंद व्हावं म्हणून त्याला स्प्रिंग बसवली. जिन्यात पाटी लागली : 'वातानुकूलित अभ्यासिका'. त्या पाटीखालून जाताना सरांची मान जराशी ताठ व्हायची.

दर जूनमध्ये नवी मुलं आली की सर त्यांना पहिल्याच दिवशी एसी समजावून सांगत.

"बाहेरच्या भिंतीवर तो पांढरा डबा बघितलात? तो बाहेरची हवा ओढतो, गाळतो, थंड करतो आणि आत पाठवतो. बाहेर धूर, आत काश्मीर!"

यंदाच्या जूनमध्ये हे सांगून झाल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. मृणाल तिचं नाव. वागळे इस्टेटच्या मागच्या चाळीतून अर्धा तास चालत यायची. आवाज बारीक, पण प्रश्न विचारल्याशिवाय खाली न बसणारी.

"सर, बाहेरून आत फक्त एक तांब्याची नळी आलीय. बोटाएवढी. तिच्यातून एवढ्या सगळ्यांना हवा पुरते?"

"तुझ्या नाकपुड्या तरी केवढ्या आहेत गं? त्यातून तुला पुरतेच ना?"

वर्ग हसला. सरांना आपलं उत्तर आवडलं.

"पण सर..."

"विज्ञानात नुसती शंका चालत नाही, बाळ. पुरावा आण. मग बोलू."

वाक्य तसं चांगलं होतं. सरांनी ते आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं.

नंतर ते सरांच्या लक्षातही राहिलं नाही. जानेवारी उजाडला, परीक्षा सहा आठवड्यांवर आली. एका मंगळवारी, विज्ञानाच्या तासाला, मृणाल दोनदा पाणी प्यायला उठली. सरांना ते खटकलं. साडेपाचच्या सुमाराला मागच्या बाकावरचा सलिल ओरडला, "सर, मृणालच्या बाकाखाली चुना आहे!"

सलिल म्हणजे वर्गाचा विदूषक. सरांनी दुर्लक्ष केलं असतं, पण सगळी मुलं वाकून बघू लागली. सरांनी पुढे जाऊन पाहिलं. निळ्या रेघेची एक काचेची बशी, तिच्यात पाणी आणि पाण्यावर पांढरट साय. चुन्याचा वास अगदी ओळखीचा.

"हे काय आहे?"

"सर, चुना... म्हणजे चुन्याची..."

"चुना मला कळतो. कुणी दिला?"

"आजीनं आणून दिला. सर, पाच मिनिटं राहू द्या ना तिथंच. फक्त पाच मिनिटं."

आजी, चुना आणि वर पाच मिनिटांची सवलत! सरांचं डोकं त्या वेळी ठणकत होतं. संध्याकाळी ते रोजच ठणकायचं. ते म्हणाले, "हे बघ मृणाल, तुमच्या घरी काय चालत असेल ते घरी. तंबाखू-चुन्याची तुमची ती सवय इथे आणायची नाही. ही विद्येची जागा आहे."

"सर, ती आपल्याला चुना लावतेय!" सलिल म्हणाला.

वर्ग खो खो हसला. सरांनी सलिलकडे डोळे वटारले खरे, पण त्यांच्याही ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी बशी मोरीत ओतली, नळाखाली खळबळली आणि मृणालच्या बाकावर ठेवली. मृणालने ती दप्तरात घातली. उरलेला तास ती मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. रुसलीय, दुसरं काय, असं सरांना वाटलं. तास संपल्यावर नेहमीप्रमाणे विज्ञानाच्या वह्या गोळा करून त्यांनी कपाटात ठेवल्या.

बुधवारी मृणाल आली नाही. गुरुवारी, शुक्रवारीही नाही.

शनिवारी दुपारी सर जरा लवकर आले. एसीचं पाणी ज्या बादलीत पडायचं ती भरली होती, म्हणून ते गॅलरीत गेले. बादली सरकवली तर मागे कठड्याला टेकून एक बशी. काचेची, निळ्या रेघेची. तळाशी वाळलेला पांढरा थर.

"इथेही!" सर पुटपुटले आणि त्यांनी बशी उचलली. खाली चिकटलेला कागद तिच्याबरोबर वर आला. त्यावर गोल, सुबक अक्षर होतं :

'बशी क्र. २ (बाहेरची). प्रयोग चालू आहे. कृपया हलवू नये.'

सर बशी हातात धरून उभे राहिले. खाली आगारात नाशिकच्या गाडीची घोषणा झाली, गाडी सुटली. ते तिथेच होते.

मग आत जाऊन त्यांनी कपाटातून मृणालची वही काढली. शेवटचं पान उघडलं. त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने, डावीकडे समास सोडून सगळं लिहिलेलं होतं.

'उद्देश : अभ्यासिकेतली हवा बाहेरून येते की आतलीच फिरते ते पाहणे.

साहित्य : दोन सारख्या बश्या (आजीच्या), चुन्याची निवळी, घड्याळ (फळ्यावरचं).

कृती : चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी वरची निवळी गाळून घेतली. एक बशी आत, एक बाहेर ठेवली. आपण सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो. तो निवळीला लागला की निवळी दुधाळ होते, वर साय येते. जिथे साय लवकर येईल तिथली हवा वापरलेली.

निरीक्षण : ४.३५ – दोन्ही स्वच्छ. ५.०० – आतल्या बशीवर पातळ साय. बाहेरची स्वच्छ. ५.२० – आतली साय जाड. बाहेरच्या बशीला कडेने किंचित. ५.३५ –'

पुढे काही नव्हतं. त्याखाली 'अनुमान :' एवढा शब्द आणि कोरी ओळ. समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'निरीक्षण पूर्ण झालं नाही म्हणून अनुमान लिहिलेलं नाही.'

अर्धवट निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हेही सरांनीच शिकवलं होतं. तेराव्या वर्षी, सगळा वर्ग हसत असताना, डोळ्यांतलं पाणी मागे सारून तिने ते पाळलं होतं. आणि आपण? बशी दिसली, चुना दिसला, आजी हा शब्द ऐकला, की झालं अनुमान तयार. सरांचे कान गरम झाले. खोलीत कुणी नव्हतं तरी त्यांनी वही मिटून छातीशी धरली, जणू कुणी वाचेल.

त्यांनी राकेशला फोन लावला. राकेश त्यांचा जुना विद्यार्थी, एसी त्यानेच बसवले होते.

"राकेश, एक सांग. हा एसी बाहेरची हवा आत घेतो ना?"

"नाही ओ सर! हा स्प्लिट आहे. आतलीच हवा गार करून आत फिरवतो. नळीत गॅस असतो, हवा नसते."

"मग बसवलास तेव्हा बोलला का नाहीस? मी तुझ्यासमोर मुलांना सांगत होतो."

राकेश ओशाळून हसला. "सर, मी स्टुलावर उभा होतो आणि तुम्ही शिकवत होतात. चौथीत तुमच्या हातची छडी खाल्लेला माणूस मधे काय बोलणार? मला वाटलं, मुलांना सोपं करून सांगताय."

सरांनी फोन ठेवला. दोन वर्षं, दोन जून, एवढी मुलं. सगळ्यांना छातीठोक खोटं शिकवलं होतं. वर्गात खरं बोलायला फक्त एक मुलगी उठली होती, आणि तिला त्यांनी नाकपुड्यांचा विनोद करून गप्प बसवलं होतं.

त्याच संध्याकाळी मृणालच्या घरी जायला हवं होतं. सर गेले नाहीत. आधी प्रयोग पूर्ण करू, मग जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते काही अगदीच चुकीचं नव्हतं, पण त्यात टाळाटाळही होती आणि ती त्यांना कळत होती.

रविवारी सकाळी ते नाक्यावरच्या पानटपरीवर गेले. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"चुना द्या जरा."

"काय सर, तुम्हीपण?" टपरीवाला खूश झाला. "तंबाखू कुठली देऊ?"

"नुसता चुना हवाय."

"नुसता? सर, आम्हाला कशाला लाजता!"

शेजारी उभे असलेले दोन रिक्षावाले हसले. सरांनी चटकन मागे वळून पाहिलं, कुणी पालक तर नाही ना. चुन्याची पुडी खिशात घालून ते भराभर चालू लागले. घरी सुमतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पातेल्यात चुना ढवळणाऱ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "या वयात कुठल्या भिंती रंगवणार आहात?"

"प्रयोग आहे."

"बरं. एक प्रयोग माझाही करा. तुम्ही तिथून आल्यावर रोज डोकं दाबत बसता आणि रविवारी बसत नाही. ते का, तेही बघा."

सर पातेलं ढवळत राहिले.

सोमवारी वर्ग भरल्यावर, कुणाला काही न सांगता, त्यांनी एक बशी टेबलाखाली ठेवली, एक गॅलरीत. घड्याळ बघून वहीत नोंद केली. पाचला आतल्या बशीवर साय धरली. बाहेरची तशीच नितळ. साडेपाचला आतली साय इतकी झाली की बोट लावलं तर पापुद्र्यासारखी तुटली. सरांनी वर पाहिलं. कादंबरी उभी होती. तिचे वडील बँकेत साहेब, मुलगी हुशार, वर्गात पहिली. तिच्या शेजारी दोघं उभी, मागे आणखी चौघं. उभ्या उभ्या जांभया देणारी ती मुलं सरांनी मोजली. सात. त्यांनीच सोडलेला श्वास आपण पुन्हा पुन्हा त्यांना पाजला आणि वर पेंगतात म्हणून उभं केलं.

"बसा," ते म्हणाले. "सगळे बसा. आज लवकर सुट्टी."

आणि ते रिक्षात बसले. मृणालची दुसऱ्या नंबरची बशी त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. वाटेत ते वाक्य जुळवत होते : एसीबद्दल मृणालचं बरोबर होतं, माझं चुकलं. वाक्य नीटनेटकं होतं. त्याने काम भागेल असं वाटत होतं.

चाळीत मृणालचं दार उघडंच होतं. उंबऱ्याशी तिची आजी, कमळाबाई, मेथी निवडत बसली होती. आत एकच खोली. कॉटवर मृणाल पुस्तक घेऊन, तिच्या पायाशी दोन लहान भावंडं टीव्ही बघत. परीक्षेचा अभ्यास ती या गोंगाटात करत होती.

"जय भीम, सर. या," कमळाबाई म्हणाल्या.

"नमस्कार, नमस्कार."

मृणालचे वडील धम्मपाल पहिली पाळी करून आले होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची पुढे केली. सरांनी रुमाल सोडून बशी कमळाबाईंपुढे ठेवली. "ही गॅलरीत राहिली होती."

बाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि मांडणीवर तिच्या जोडीदारणीशेजारी नेऊन ठेवली.

"एसीबद्दल मृणालचं बरोबर होतं," सर म्हणाले. "मी चुकीचं शिकवत होतो. प्रयोग मी स्वतः करून पाहिला. माझं चुकलं."

"सर, एवढं काय त्यात," धम्मपाल म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी खिशातला औषधाचा पंप सरांना दाखवला. "आम्हीपण फसलो होतो. मी पावडर कोटिंगच्या कारखान्यात आहे. लोखंडावर रंगाची पावडर मारतात ना, ते. शेडमध्ये चार मोठे पंखे. असा वारा लागायचा की घाम सुकायचा. आम्हाला वाटायचं, काय झकास हवा खेळतेय. अकरा वर्षं तीच पावडर गोल गोल फिरत होती. ती छातीत गेली तेव्हा कळलं. आता एक्झॉस्ट पंखा बसवलाय, घाण हवा बाहेर फेकणारा. पोरीला मी एवढंच सांगितलेलं, हवा हलते म्हणजे बदलते असं नाही."

सरांची नजर वर गेली. शेगडीच्या वर, भिंतीत चौकोनी भोक पाडून पत्र्यात एक लहानसा पंखा बसवला होता. तो फिरत होता. दहा फुटांच्या या खोलीतली हवा त्यांच्या वातानुकूलित अभ्यासिकेपेक्षा चांगली होती.

"एसीचं झालं," कमळाबाई मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या. "तंबाखूचं राहिलं."

"आई, जाऊ दे ना," धम्मपाल हळूच म्हणाले.

"का जाऊ दे? सर, या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही. विहारात मी पंचशील घेते, ते नुसतं तोंडानं नाही घेत. पोरगी म्हणाली, आजी, चुना पाहिजे, सरांना पुरावा दाखवायचाय. मी टपरीवर गेले. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. तिथला पोरगा दात काढून म्हणतो, आजी, कधीपासून सुरू केली? मी म्हटलं, हस बाबा, शाळेचं काम आहे." त्यांनी देठ मोडला. "तो टपरीवाला हसला त्याचं मला काय नाही वाटलं. पण पुढं शाळाच हसली."

खिशात चुन्याची पुडी घेऊन मागे वळून बघणारा आपलाच चेहरा सरांच्या डोळ्यांपुढे आला.

"ताई, मला ठाऊक नव्हतं..."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं. तुमच्या वर्गात साहेबलोकांच्या पण पोरी असतील. त्यांच्या बाकाखाली बशी निघाली असती, तर पहिला शब्द तंबाखू आला असता का तुमच्या तोंडात?"

सरांना उत्तर शोधावं लागलं नाही. कादंबरीच्या बाकाखाली ती बशी निघाली असती, तर ते म्हणाले असते, 'अरे वा, कसला प्रयोग चाललाय?' हे त्यांना ताबडतोब, स्वच्छ दिसलं. आपण सगळ्या मुलांना एका मापाने मोजतो, असं ते चौतीस वर्षं मानत आले होते. लोकांना सांगतही आले होते. त्यांना वर बघवेना. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"माफी मागतो," ते म्हणाले.

"इथं मागून काय उपयोग? बोललात तिथं, सगळ्यांपुढं."

मृणालने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "सलिलचं काय नाय वाटलं, सर. तो सगळ्यांनाच चिडवतो. पण तुम्ही हसलात."

सर उठले. जाताना त्यांना 'उद्या ये' म्हणायचं होतं. म्हणवलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी राकेशला बोलावलं. गॅलरीच्या दाराची स्प्रिंग काढली, आगाराकडच्या तीनपैकी एका खिडकीचं थर्मोकोल उतरवलं. दारावरच्या झरोक्यात राकेशने हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. "सर, आगाराचा धूर येणार थोडा," तो म्हणाला. "गॅलरीचं दार जास्त उघडं ठेवा, तिकडची हवा बरी आहे." जिन्यातली पाटी सरांनी स्वतः उतरवली.

साडेचारला वर्ग भरला. हॉर्नचा आवाज ऐकून मुलं एकमेकांकडे बघू लागली. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एसीची सगळी गोष्ट सांगितली. नळीत हवा नसते, मी चुकीचं शिकवलं, तुम्हाला जांभया येत होत्या त्यात मोठा दोष या खोलीचा होता, ती शिक्षा आजपासून बंद. मृणालची वही उघडून त्यांनी प्रयोग वाचून दाखवला.

"सर, तुम्ही लय भारी!" सलिल ओरडला. "एवढे मोठे असून सॉरी बोललात!"

टाळ्या पडल्या. मुलं मनापासून वाजवत होती. सरांना बरं वाटलं, छातीत ऊब आली, चेहऱ्यावर हसू यायला लागलं. त्याच वेळी त्यांची नजर दाराकडे गेली. दारात मृणाल उभी होती, मागे कमळाबाई. दोघींचे हात स्थिर होते.

सरांचं हसू जागीच विरलं. इथेच थांबलं तर किती सोपं होतं! सगळ्यांच्या नजरेत ते कालच्यापेक्षा मोठे झाले होते.

"थांबा," ते म्हणाले. "टाळ्या थांबवा. अर्धंच सांगितलंय."

खाली एक बस मागे घेताना कंडक्टर शिटी वाजवत होता.

"एसीचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. पण मृणालच्या बाकाखाली बशी दिसली तेव्हा मी तिला विचारलं नाही. तिच्या घरी तंबाखू खात असतील, असं मी मनाने ठरवलं आणि तुम्हा सगळ्यांसमोर बोललो. तीच बशी कादंबरीच्या बाकाखाली असती, तर मी असं ठरवलं नसतं. मी घर बघून ठरवलं." हाताचा घाम त्यांनी सदऱ्याला पुसला. "मृणालच्या घरी तंबाखूला कुणी शिवत नाही. तिच्या आजी तो चुना आणायला टपरीवर गेल्या, लोकांचं हसणं सोसलं, आणि इथे मी हसलो. मृणाल, ताई, मला माफ करा."

कादंबरी बाकाकडे बघत होती. मागून सलिलचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ लहान. "सर, चुना लावतेय असं मी बोललेलो."

"तू बोललास. पण आधी मी वाट करून दिली."

कमळाबाई आत आल्या आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या. मी बघतेय, अशा बसण्याने. मृणाल तिसऱ्या बाकापाशी आली. दप्तरातून तिने दोन्ही बश्या काढल्या, बाटलीतली निवळी दोन्हींत सारखी ओतली. एक बाकाखाली ठेवली, दुसरी गॅलरीत नेऊन ठेवली. परत येऊन घड्याळ बघितलं आणि वहीसाठी हात पुढे केला.

सरांनी वही दिली. वर खडूही दिला. "ये, फळ्यावर अनुमान लिही. आता तर पुरावा आहे."

मृणालने खडू घेतला नाही.

"नाही सर. हे खिडक्या बंद असतानाचं होतं. उघड्या असतानाचं अजून घेतलंच नाही. आणि एका दिवसाच्या निरीक्षणावरून काही ठरवायचं नाही. तुम्हीच सांगितलेलं."

"मग किती दिवस घ्यायचं?"

तिने सरांकडे नीट पाहिलं. "बघू," ती म्हणाली, आणि वहीत वेळ लिहू लागली.

सरांनी गणित घेतलं. हॉर्न वाजत होते, दोनदा तेच वाक्य मोठ्याने सांगावं लागत होतं. मुलांच्या वह्या तपासायला ते रांगांमधून फिरत होते. तिसऱ्या बाकापाशी आले की मात्र बशीला आपला पाय लागू नये म्हणून ते धोतर सावरावं तसा पायजमा वर धरत आणि अंग चोरून पुढे जात.